त्रेपन्न फूट वेफर्स

माझा भाचा बंडू अमेरिकेत ट्रक चालवतो. सांगलीत त्याची आई, म्हणजे आमची ताई, 'तो लॉजिस्टिक्समध्ये आहे' असं सांगते आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा टाकायला उठते. ट्रक बंडूच्या स्वतःच्या मालकीचा, त्यामुळे शेजारच्या सीटवर कुणाला बसवायचं हे तो आणि त्याची विमा कंपनी मिळून ठरवतात. ऐन जानेवारीत त्यांनी मला बसवलं. कॅलिफोर्निया ते ओमाहा, रस्ता आय-८०.

मागचा ट्रेलर ५३ फूट लांब, मुळात रीफर, म्हणजे थंडगार माल नेणारा. पण ट्रकवाल्याला मिळेल तो माल घ्यावा लागतो आणि या खेपेला मिळाले होते बटाट्याचे वेफर्स. छतापर्यंत खोकी, खोक्यांत पुड्या आणि पुड्यांत मुख्यतः हवा. एवढ्या अवाढव्य पेटाऱ्यात माल जेमतेम पाच टन. वजन कमी, म्हणजे डिझेल कमी. बँकेत जन्म गेलेल्या माणसाला हा हिशेब फार आवडतो. बंडूला तो आवडल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं, पण वायोमिंग लागेपर्यंत तो काही बोलला नाही.

"मामा, ट्रेलरची एक बाजू म्हणजे पाचशे चौरस फूट," तो म्हणाला.

पुण्यात एवढ्या जागेत बिल्डर दोन बेडरूम आणि देवघर बसवतो. इथे ते सगळं चाकांवर आडवं उभं करून वाऱ्यात नेतात. ताशी ९५ किलोमीटरचा वारा त्या भिंतीवर दोन टनांहून जास्त रेटा देतो आणि वारा दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. त्याच्यापुढे ट्रक एकाच गोष्टीच्या जोरावर उभा राहतो, वजनाच्या. कायद्याने पूर्ण भरलेला ट्रक ३६ टनांपर्यंत जातो, आमचा वीस-एकवीस. "म्हणजे आपण उडू?" मी विचारलं. "उडणार नाही. आडवे होऊ," बंडूने दुरुस्ती केली. हा मुलगा लहानपणापासून नेमकं बोलतो.

दक्षिण वायोमिंगमध्ये रॉकी पर्वताची रांग मध्येच खाली बसली आहे. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला डोंगर, मध्ये हे खिंडार. आणि पश्चिमेचा सगळा वारा पूर्वेला जायला हीच वाट धरतो. रॉलिन्स ते लॅरामी हा टप्पा तर खास. रेल्वेवाले १८६८ साली इथे आले तेव्हा एल्क माउंटनच्या नादी न लागता उत्तरेकडून मेडिसिन बो गावावरून वळसा घालून गेले. जुना मोटररस्ताही त्यांच्यामागून तसाच गेला. मग आले महामार्गवाले. त्यांनी नकाशावर पट्टी ठेवली आणि एल्क माउंटनच्या पायथ्याशी सरळ रेघ मारली. हिवाळ्यात तिथे कुत्रंही फिरकत नाही, असं आसपासच्या शेतकऱ्यांनी परोपरीने सांगितलं. पण शेतकऱ्यांकडे पट्टी नव्हती. ऑक्टोबर १९७० मध्ये रस्त्याचं उद्घाटन झालं आणि आठवड्याच्या आत तो बर्फाने बंद पडला. तेव्हा व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, हो ची मिन्ह ट्रेल रोज पेपरात असायची. लोकांनी या रस्त्याला 'स्नो ची मिन्ह ट्रेल' म्हणायला सुरुवात केली आणि अजूनही म्हणतात.

रॉलिन्सला पोचलो तर रस्त्यावरची विजेची पाटी लुकलुकत होती: हलक्या आणि उंच वाहनांना पुढे बंदी. हलकं म्हणजे आम्ही. उंच म्हणजेही आम्हीच.

बंडूने ट्रक स्टॉपवर शेवटची मोकळी जागा पकडली आणि मला उतरण्याचं शास्त्र शिकवलं. केबिनमधून उतरताना नेहमी तीन आधार हवेत, दोन हात आणि एक पाय, नाहीतर बर्फाळ पायरीवरून माणूस थेट डांबरावर. शिवाय दार दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, नाहीतर वारा ते बिजागरीपासून उलटं करतो. मी मनातल्या मनात हात मोजले. बेरीज चार येत होती. शेवटी बंडूने खालून दार धरलं आणि मला वरून सोडवून घेतलं.

आत सगळे अडकलेले ड्रायव्हर बसले होते. पंजाबी, सोमाली, युक्रेनियन, टेक्सासचे उंच टोपीवाले. आणि सगळे आपापल्या फोनवर एकच चित्र बघत होते. रस्तेखात्याने पुढे वाटेवर आर्लिंग्टनला कॅमेरा लावला आहे, त्याचं. चित्रात एक खांब आणि बाकी पांढरं. अधूनमधून खांबही पांढरा व्हायचा. मग कुणीतरी "गेला" म्हणायचं आणि सगळे कॉफी आणायला उठायचे.

या दरम्यान बाहेरून जड ट्रक मात्र खुशाल चालले होते. लोखंडाची भेंडोळी गेली. फरशी गेली. एक गडी नुसते दगड घेऊन गेला. माझ्या मनात आयुष्यात प्रथमच दगडांविषयी असूया उत्पन्न झाली.

तेवढ्यात शिकागोहून ब्रोकरचा फोन आला. माल मिळवून देणारा हा मध्यस्थ. त्याच्या खिडकीबाहेर ऊन होतं. ते ऊन तो बंडूला मोठ्या आवाजात समजावून सांगत होता. उभ्या ट्रकला पैसे मिळत नाहीत, ओमाहाची वेळ हुकली तर दंड बसेल, सगळे जातात मग तूच का नाही. बंडूने शांतपणे ऐकून घेतलं. इथे संघराज्याचा नियमच आहे: बर्फ, धुकं, पाऊस, धूळ, धूर यांमुळे दिसेना किंवा चाकांना पकड मिळेना तर वेग उतरवा आणि फारच धोका वाटला तर गाडी थांबवा. (यादीत धूरसुद्धा आहे, पण वारा नाही. यादी करणाऱ्याला कधी वायोमिंगमध्ये दार उघडावं लागलं नसावं.) थांबवलेली गाडी हाकण्यासाठी ड्रायव्हरवर दडपण आणायलाही कायद्याने बंदी आहे. "माझं वजन सांगू का परत?" एवढंच विचारून बंडूने फोन ठेवला.

रात्री मला वरचा बंक मिळाला. निजलेला माणूस खाली पडू नये म्हणून त्याला जाळी असते. जाळीच्या आत मी, जाळीबाहेर वारा, आणि ट्रक उभ्या जागी डुलत होता. साडेसहा हजार फुटांच्या वरची हवा विरळ. समुद्रसपाटीवर बंद केलेल्या वेफर्सच्या पुड्या इथे टम्म फुगतात, काही फुटतातही. मागून फट् फट् असं मला रात्रभर ऐकू येत होतं. बंडूच्या मते ते माझे कान होते.

सकाळी बंदी उठली. निघण्याआधी बंडू हातोडी घेऊन ट्रेलरखाली शिरला. ओल्या ब्रेकवर रात्री बर्फ धरला की चाकं जागेवर चिकटतात आणि ट्रक ओढला तरी फिरत नाहीत. त्याने ठोकून ती सोडवली. इंजिनीअरिंगची चार वर्षं अशी कामी आली. डिझेलमध्ये तो आदल्या दिवशीच औषध टाकून बसला होता, कारण कडाक्याच्या थंडीत डिझेलचा मेणचट गोळा होतो.

मग तो चालवू लागला आणि मी गप्प झालो. क्रूझ कंट्रोल बंद. जेक ब्रेक बंद, कारण निसरड्यावर इंजिनाने मागची चाकं अडवली की ती सुटतात आणि मग ट्रेलर आपल्याला भेटायला पुढे येतो. इथल्या वेगमर्यादेच्या पाट्याही विजेच्या, हवा बघून आकडा उतरवतात; बंडू त्या आकड्याच्याही खाली. त्याचे डोळे पुढच्या ट्रकच्या टायरांवर. टायर पाणी उडवतायत तोवर रस्ता ओला आहे. रस्ता ओला दिसतोय पण पाणी उडायचं थांबलं, म्हणजे ते पाणी राहिलेलं नाही. पुलावर हे सगळ्यात आधी होतं, कारण पुलाखाली जमिनीची ऊब नसते.

वर आकाश निळंभोर होतं. बर्फ पडत नव्हता, तो जात होता. घोट्याएवढ्या उंचीवरून पांढरा लोट सरपटत रस्ता ओलांडायचा, मधेच उठून काच व्यापायचा. दूर माळावर, रस्त्याला समांतर, लाकडी फळ्यांची उंच कुंपणं मैलोगणती उभी होती. आत गुरं नाहीत, पीक नाही. "हे बर्फासाठी," बंडू म्हणाला. रस्ता पहिल्याच वर्षी बंद पडल्यावर सरकारने ती उभी केली. फळ्यांतून गेलेला वारा मंदावतो, हातातला बर्फ तिथेच टाकतो, रस्त्यावर आणत नाही. जागा अशी हिशेबाने निवडतात की ढीग रस्त्याच्या अलीकडेच संपावा. हे बघून मला पट्टीवाल्यांविषयी जरा बरं वाटलं.

आर्लिंग्टनला टेकडीवर पवनचक्क्यांची रांग लागली. डोंगराचा आडोसा संपला आणि ट्रकला बाजूने धक्का बसला. बंडू वाऱ्याच्या दिशेला किंचित वळवूनच धरत होता. शेजारून एक ट्रक पुढे निघाला, क्षणभर वारा अडला आणि आम्ही त्याच्याकडे झुकलो, तो सुटला आणि वारा परत. बंडूच्या हातांची हालचाल बोटभरसुद्धा नव्हती. माझी दोन्ही हातांची पकड दाराच्या मुठीवर होती, जणू मीच चालवत होतो.

पुढे एक ट्रक कुशीवर निजला होता. ड्रायव्हर धडधाकट, पोलिसांच्या गाडीत बसून कॉफी पीत होता. "काय होतं त्यात?" मी विचारलं. "काही नाही," बंडू म्हणाला. "म्हणूनच."

लॅरामीच्या अलीकडे पंजाब्यांचा ढाबा आहे. या उजाड माळावर आलू पराठा मिळतो, वर लोण्याचा गोळा. काउंटरवरच्या पाजींनी काय माल आहे विचारलं. बंडूने सांगितलं. पाजींनी मान हलवली आणि मला न विचारता आणखी एक पराठा वाढला. "आप बैठो अंकलजी, थोडा वजन तो बढ़ेगा."

ओमाहाला वेळ हुकली होतीच, वेफर्स मात्र बहुतेक शाबूत उतरले. ब्रोकरने परतीसाठी दोन माल सुचवले. एक उशांचा, भाडं चांगलं. दुसरा गोठवलेल्या डुकराच्या मांसाचा, भाडं बेताचं. मी जन्मापासून शाकाहारी. आमच्या घरी अंडं फोडायचं झालं तर ते गच्चीवर फोडतात. बंडूने माझ्याकडे पाहिलं.

"वजन किती?" मी विचारलं.

"वीस टन, मामा."

"आणखी थोडं मिळत असलं तर बघ," मी म्हणालो.