सुट्या पैशांची शाळा

मराठी माणसाला पूर्णांकाविषयी आदर असेल, पण त्याचे खरे प्रेम अपूर्णांकावर. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठे साडेतीन, पेशवाईतले शहाणे तेही साडेतीनच. आणि ज्या काळी पंतोजींच्या शाळेत पोराच्या पाठीवर छडी आणि जिभेवर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकीपासून थेट औटकीपर्यंतचा सारा कुळाचार एकाच वेळी चाले, त्या काळी साडेतीनाच्या पाढ्याला बिचकणारा मुलगा कारकुनीस नालायक ठरवून बापाने शेतावर पिटाळला, तर त्याविरुद्ध कोणी दाद मागत नसे. या पद्धतीत बालमानसशास्त्राची बाकी शून्य होती, हे मान्य. पण तीतून तावून सुलाखून निघालेला गृहस्थ सव्वा रुपया शेराच्या भावाने साडेतीन शेरांची किंमत चार रुपये सहा आणे होते, हे तोंडातला विडा न हलवता सांगत असे. १ एप्रिल १९५७ रोजी सरकारने सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे केले आणि तेच उत्तर चार रुपये साडेसदतीस नवे पैसे झाले. त्यातला अर्धा पैसा कोणाला वसूल झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. शेर गेला, आणा गेला, मात्र पाव किलो राहिला, आणि पंचवीस पैशांचे नाणे २०११ च्या जूनअखेर चलनातून बाद होईपर्यंत लोक त्याला बिनदिक्कत ‘चार आणे’ म्हणत राहिले.

पुढे २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आले, तेव्हा जो गहजब झाला त्यात मुख्यमंत्र्यांच्या आडनावातला ‘वीस’ही विधानसभेत वेठीस धरला गेला. डॉ. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचे म्हणणे साधे होते: मूल आधी दोन लिहिते आणि मग एक, पण बोलताना आधी एक म्हणते आणि मग वीस, तेव्हा त्याचा गोंधळ उडतो. मला स्वतःला ‘एकोणतीस’ या शब्दाचा लोभ आहे, कारण नुसते नाव उच्चारताच एक वजाबाकी पदरात पडते. तरीही बाईंचा मुद्दा मला आजवर कोणी खोडून दाखविलेला नाही. आरडाओरडा करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आपल्या मुलांना इंग्रजी शाळेत आधीच ‘ट्वेंटी वन’ म्हणावयास धाडलेले होते, ही गोष्ट अलाहिदा.

आमच्या आंबिवलीत मात्र गणिताची खरी शाळा स्टेशनाबाहेर भरते. शहाड आणि टिटवाळा यांच्यामध्ये गाडी जेमतेम टेकते न टेकते तोच जिन्याच्या तोंडाशी भाज्यांच्या टोपल्या लागतात. मोहन्याचा एन.आर.सी. कारखाना २००९ साली बंद पडला. तो चालू होता तोवर वाण्याच्या उधारीची वही हे कामगारांच्या कैक मुलांचे पहिले अंकगणिताचे पुस्तक होते, आणि त्यात चूक सापडली तर शाबासकी मिळे ती आईची. तिकीटखिडकीपाशीही शिक्षण चालतेच. पाच ते बारा वर्षांच्या मुलास अर्धे तिकीट, हा रेल्वेचा नियम. त्यामुळे मिसरूड फुटू लागलेला मुलगा घरी तेरा वर्षांचा आणि फलाटावर अकराचा असतो, आणि बीजगणितातल्या ‘क्ष’ची किंमत प्रसंगानुसार बदलते हे तत्त्व त्याला आठवीच्या आधीच अवगत होते.

आमचे एक शेजारी पेशाने हिशेबतपासनीस आहेत. मुलांना व्यवहारातले गणित घरीही शिकवा, अशी सूचना शाळेकडून येताच त्यांनी ती सरकारी हुकुमासारखी रुजू करून घेतली आणि तिसरीतल्या कन्येस वही-पेन्सिलीसह बाजारात नेले. भाजी झाली सदतीस रुपयांची, नोट होती पन्नासाची. ‘‘शून्यातून सात जात नाहीत, मग काय करायचं?’’ असे त्यांनी विचारताच कन्या हातचा शोधण्यासाठी आभाळाकडे पाहू लागली, मागे गिऱ्हाइके खोळंबली, कोथिंबीर मान टाकू लागली. तेवढ्यात भाजीवाल्या मावशींनी मुलीच्या तळहातावर तीन नाणी एकेक करून टेकवली, ‘‘अडतीस, एकोणचाळीस, चाळीस,’’ आणि वर दहाची नोट ठेवून ‘‘पन्नास’’ म्हणून व्यवहार मिटविला. मुलीचा चेहरा उजळला. तपासनिसांचा काळवंडला, उत्तर बरोबर असले तरी रीत चुकली, अशी त्यांची तक्रार. ‘‘दादा, घ्याचं असंल तं घ्या, शाला घरी भरवा,’’ या शेऱ्यानिशी मावशींनी ती निकालात काढली.

वजाबाकी न करता बेरजेने बाकी काढण्याची ही युक्ती जगातल्या प्रत्येक दुकानदारास ठाऊक आहे, आणि आता शिक्षणतज्ज्ञही मुलांना ती शिकवा म्हणतात. ‘असर’चे सर्वेक्षक खेडोपाडी घरोघर जाऊन मुलांपुढे हातच्याची वजाबाकी ठेवतात आणि दर खेपेस देशाला चिंतेत टाकतात, त्याच मुलांना गल्ल्यावर बसवून पाहावे, असे माझ्या मनात पुष्कळदा येते. पण गल्लाच आता मुका होत चालला आहे. टोपलीला टेकवून ठेवलेल्या काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या चौकटीवर फोन धरावा, डबीतून ‘‘सदतीस रुपये प्राप्त झाले’’ अशी आकाशवाणी व्हावी, आणि परत यावयाचे तेरा रुपये, त्यांतून चोरून घ्यावयाची चिंच, तिचा घरी द्यावयाचा खोटा हिशेब, हा सारा अभ्यासक्रम एका टिचकीसरशी रद्द व्हावा, याचे दुःख मला तरी मोठे आहे. लबाडीला लागणारी बेरीज-वजाबाकी प्रामाणिकपणापेक्षा नेहमीच अवघड असे.

म्हणूनच शाळेतल्या आनंद बाजारास मी आवर्जून जातो. त्या दिवशी मुले पटांगणात भाजी, वडापाव, सरबत मांडून बसतात आणि मास्तर गिऱ्हाईक होतात. तपासनिसांच्या कन्येने यंदा भेळ मांडली होती, दहा रुपये प्लेट. मी तीन प्लेटी घेऊन पन्नासाची नोट दिली, तर तिने ‘‘चाळीस, पन्नास’’ म्हणत वीस रुपये माझ्या हातावर ठेवले, अगदी मावशींच्या ठसक्यात. अखेरीस गुरुजी वही घेऊन आले.

‘‘विक्री किती?’’

‘‘तीनशे चाळीस.’’

‘‘आणि नफा?’’

‘‘तीनशे चाळीस.’’

‘‘अगं, कुरमुरे, फरसाण, कांदे, चिंच यांचं भांडवल?’’

‘‘ते आईचं आहे.’’

तपासनीस भांडवल म्हणजे काय हे समजावून देण्यासाठी घसा खाकरून पुढे सरसावले, तोच त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘अहो, राहू द्या. आपल्या घरचं खातं असंच तर लिहिलं जातंय इतकी वर्षं.’’ गुरुजींनी निमूटपणे नफ्याच्या रकान्यात तीनशे चाळीस मांडले आणि शेवटची प्लेट मागितली. कन्येने पाटीकडे बोट दाखविले. तिच्यावर खडूने ‘उधारी बंद’ असे लिहिलेले होते.