अडकित्त्या तोंडाचा मासा

दिंडोरीच्या आमच्या मळ्यात विहीर खोदली तेव्हा आधी मुरूम लागला, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. पंचावन्न फुटांवर यारीवाला म्हणाला, "दादा, आता पुढचं तुमच्या नशिबावर." नशिबात गारगोट्या निघाल्या.

नातीने मात्र पाच मिनिटांत मासा काढला. 'ॲनिमल क्रॉसिंग' नावाच्या खेळात तिचं एक बेट आहे. तिथे जमिनीला चांदणीसारखी भेग दिसली की फावडं मारायचं, जीवाश्म वर. ना सुरुंग, ना यारीवाल्यांचा चहा. ओळख पटवायला संग्रहालयात ब्लॅदर्स नावाचं घुबड असतं. दिवसा ते पेंगतं. कामाच्या वेळेत पेंगणारे साहेब मी पुष्कळ पाहिलेत. पण हा उठवल्याबरोबर काम करतो, "उद्या या" म्हणत नाही!

मासा निघाला डंकलिऑस्टियस, सुमारे 36 कोटी वर्षांपूर्वीचा. दात नाहीत, जबड्याच्या हाडांनाच धार. तोंड म्हणजे नुसता अडकित्ता. डोक्याचं हाडांचं चिलखत तेवढं टिकलं, बाकीचं अंग काळाने गिळलं, म्हणून लांबीचा सगळा अंदाजपंचे कारभार. आठ-नऊ मीटर धरत होते. 2023 साली एका अमेरिकी संशोधकाने नव्याने हिशेब मांडून चारेक मीटरवर आणला. आमच्या बांधाचंही दर मोजणीला हेच होतं.

"आजोबा, आपल्या विहिरीत का नाही निघाला?"

अगं, आपला पाषाण लाव्हाचा, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. तोवर हा मासा संपून सुमारे 29 कोटी वर्षं लोटली होती. दगडातले मासे हवेत तर कादवेच्या पाण्यासोबत निघायचं, नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी गाठायची आणि थेट सिरोंचाला उतरायचं. तिकडे प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात जुरासिक काळातले मासे सापडलेत. नातीने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि विषय सोडला.

मग प्रश्न आला, दान की विक्री. दुकानातला भाव 3500 बेल्स.

"आणि उद्या आवक वाढली तर?"

"तोच भाव, आजोबा."

तीनदा विचारलं. उभ्या आयुष्यात टोमॅटोने मला असं उत्तर दिलं नव्हतं.

पहिला मासा संग्रहालयाला दिला. आठवड्याने तसाच दुसरा निघाला, तो विकला. पैसे रोख, ना हमाली, ना तोलाई. नवे जीवाश्म पहाटे पाचला जमिनीत येतात, दिवसाला चार. नात आठला उठते, तोवर माझे चारही उकरून झालेले असतात.