सहकर्जदार

चेन्नईत लग्न करणं सोपं, आणि घर गहाण ठेवणं त्याहून सोपं. 1967 साली अण्णादुराईंच्या सरकारने हिंदू विवाह कायद्यात 7अ कलम घातलं. तेव्हापासून तमिळनाडूत भटजी आणि होम नसले तरी चालतं. चार आप्तांसमोर एकमेकांना हार घातले की लग्न लागलं. गहाणाचा सोपेपणा तर इंग्रजांच्या काळातला. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 58व्या कलमात कलकत्ता, मद्रास, मुंबई ही शहरं नावानिशी आहेत: इथे घराची मूळ कागदपत्रं तारण म्हणून सावकाराच्या हाती दिली, की झालं गहाण. ना अक्षता, ना मंगलाष्टकं.

म्हणून बरीच जोडपी दोन्ही कार्यं लागोपाठ उरकतात. आयटी कंपन्यांच्या ओएमआर रस्त्यावर दोघांची नोकरी, शोलिंगनल्लूरला फ्लॅट, वीस वर्षांचं कर्ज. दोन पगार धरले की कर्ज मोठं मिळतं. जुन्या करपद्धतीत व्याजाची दोन-दोन लाखांपर्यंतची वजावट दोघांनाही मिळते. शिवाय अर्जदारांत बाई असली तर बऱ्याच बँका व्याजात 0.05 टक्क्याची सूट देतात. बायकोच्या असण्याचं मोल इतक्या काटेकोरपणे आणखी कुणी काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पुढे बिनसतं. पुण्यात ज्या कारणांनी बिनसतं त्याच कारणांनी इथेही. फक्त इथे उकडतं जास्त.

मग हायकोर्टाच्या आवारातलं कुटुंब न्यायालय. दोघांची संमती असेल तर वर्षभर वेगळं राहून अर्ज करायचा आणि आणखी सहा महिने थांबायचं. हे सहा महिने माफही होऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितलं. पोटगीवरून वाद असला तर 2020 च्या निकालाप्रमाणे दोघांना आपली मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञेवर लिहून द्यावी लागतात. हे प्रतिज्ञापत्र मला फार हृद्य वाटतं. क्रेडिट कार्डावर किती थकलंय, भावाला हातउसने किती दिलेत, हे एकमेकांना खरंखरं सांगायला लग्न मोडायची वेळ यावी लागली!

एकदाचा हुकूमनामा मिळतो. कोर्टाच्या लेखी दोघं मोकळे. बँकेच्या लेखी मात्र काहीच घडलेलं नाही. ती त्या खटल्यात नव्हतीच. बँक म्हणजे गावाकडची ती थोरली आत्या, काडीमोड झाल्याचं दहादा सांगा, लग्नपत्रिका दोघांच्या नावानेच धाडणार. तिचा आधार 1872 चा करार कायदा: दोघांनी मिळून देणं कबूल केलं असेल तर सगळं देणं दोघांपैकी कुणाही एकाकडे मागता येतं. ‘माझा अर्धा मी भरला’ हे वाक्य तिथे चालत नाही. हप्ते त्याने भरायचे असं समझोत्यात लिहिलेलं असतं, तो शारजाला जाऊन विसरतो, आणि सिबिलचा स्कोअर दोघांचाही घसरतो. बायको त्याच्याकडून पैसे वसूल करू शकते, पण बँकेचा फोन आधी तिलाच येतो.

एकाने फ्लॅट ठेवायचा म्हटलं तर बँक नव्याने पगार तपासते, आणि दोघांच्या पगारावर बेतलेलं कर्ज एकाच्या पगारात बसत नाही. बसलं, तरी दुसऱ्याने हिश्शावरचा हक्क सोडायचा दस्त राहतो. तमिळनाडूत घरच्या माणसासाठी हक्क सोडला तर 2023 पासून मुद्रांक शुल्क फार तर 40,000 रुपये. घरच्यांच्या यादीत नवरा आहे, बायको आहे, आई-वडील, मुलं, नातवंडं, भावंडंही आहेत. माजी नवरा नाही. त्यामुळे सब-रजिस्ट्रारकडे जायचं तर हुकूमनाम्याआधी, नातं शाबूत असताना. नात्याची एवढी रोकडी किंमत लग्नातही कुणाला कळली नसेल. तारण सोडायला बँक राजी नसेल, तर हेही अडून बसतं.

बहुतेक जण शेवटी विकतात. वकील मंडळी तेच सांगतात, आणि मलाही तेच शहाणपणाचं वाटतं. चेन्नईच्या फ्लॅटबरोबर जमिनीचा अविभक्त हिस्सा मिळतो, इतके इतके चौरस फूट. तो नेमका कुठे आहे हे कुणालाच दाखवता येत नाही. तो विकता येतो. पण सुरुवातीच्या रकमेसाठी सासूबाईंनी मोडलेल्या पाटल्यांची पावती कुणाकडेच नसते, आणि खरं भांडण तिथेच पेटतं.

ज्यांना विकणंही जमत नाही, ते भाडेकरू ठेवून हप्ते भरत राहतात. व्हॉट्सअॅपवर एकमेकांना ब्लॉक केलेली ही माणसं महिन्याच्या पाच तारखेला आपापला अर्धा भाग न चुकता खात्यात टाकतात. संसारात इतकी शिस्त असती तर, असं त्यांच्या आयांना वाटत असेल. मला तसं वाटत नाही. आता वाटून घ्यायला हप्त्याखेरीज काही नाही म्हणूनच ती शिस्त जमते.

कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रं तीस दिवसांत परत द्यावी लागतात, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये, हा रिझर्व्ह बँकेचा 2023 चा नियम. शाखेतून फोन येतो, “सार, मॅडमना पण घेऊन या, दोघांच्या सह्या लागतील.” सार सांगतात की मॅडम आता आमच्या कुणी नाहीत. पलीकडचा माणूस फाइल चाळून म्हणतो, “आमच्याकडे तर आहेत, सार.”