हबभक्तपरायण

कीर्तनकारांच्या नावाआधी ह. भ. प. लागतं. आयटीतल्या एका प्रकारच्या गृहस्थांनाही ते लावायला हरकत नाही. फक्त हरीच्या जागी हब घ्यायचा. हा माणूस हिंजवडीत सापडतो, ऐरोलीत सापडतो, आणि परदेशातल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात स्टेजच्या बाजूला, प्रोजेक्टरपाशी उकिडवा बसलेलाही सापडतो. लॅपटॉपची बॅग सगळ्यांकडेच असते. याच्या बॅगेत आणखी एक चेनची पिशवी असते आणि तिच्यातल्या प्रत्येक वायरीला पांढरी पट्टी चिकटवलेली असते. पट्टीवर बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘फक्त चार्जिंग’. ‘फोर-के, साठ हर्ट्झ’. ‘कंपनीची, परत देणे’. एका वायरीवर नुसतंच ‘संशयास्पद’. ती अजून का ठेवलीय असं विचारू नये. टाकून द्यावी इतका पुरावा मिळालेला नसतो.

त्याला बघावं ते मीटिंगच्या आधी. क्लायंट लाइनवर आलेला असतो, टेबलाच्या मधल्या भोकातून एचडीएमआयची जाड केबल बाहेर लोंबत असते आणि नव्या मॅनेजरबाईंच्या सडपातळ लॅपटॉपला ती लावायला जागाच नसते. दोन टाइप-सी पोर्ट, बस्स. “अरे, त्यांना बोलवा ना,” कुणीतरी म्हणतं. ते येतात. घाई नसते. खिशातून हब निघतो, लागतो, निळा दिवा पेटतो, पडदा काळाच. सगळे हबकडे बघतात. हे लॅपटॉपकडे बघतात.

“सी आहे, पण कुठला सी?”

यावर काय बोलणार? मग ते मोबाइलचा टॉर्च लावून खाली वाकतात आणि भोकाच्या शेजारी कोरलेली, मुंगीएवढी खूण वाचतात. “मॅडम, या पोर्टला डिस्प्ले नाहीच. पलीकडचा घ्या. विजेची खूण आहे ना, तो.” पलीकडच्यात घातल्याबरोबर भिंतीवर मॅडमचं डेस्कटॉप उमटतं, मागे त्यांच्या मुलीचा गॅदरिंगचा फोटो. हे पाण्याचा घोटही न घेता निघून जातात. दारात मात्र किंचित थांबतात, कुणी काही म्हणतंय का ते ऐकायला.

माझं मत विचाराल तर या माणसाला त्याच्या आईवडिलांनी कमी आणि २०१४ सालाने जास्त घडवलं. त्या वर्षी टाइप-सीचा आराखडा ठरला: चोवीस पिना, उलटा घाला की सुलटा, कुठूनही चालेल. त्याआधी ज्याचं भोक त्याला असायचं. मॉनिटरचं निळं, पंधरा छिद्रांचं, दोन्ही बाजूंना स्क्रू. कीबोर्डचं गोल जांभळं, माऊसचं गोल हिरवं. चुकायचं म्हटलं तरी फारसं चुकता येत नसे. आता बाहेरून सगळी एका तोंडवळ्याची. आत मात्र एकात सेकंदाला ४८० मेगाबिट जातात, दुसऱ्यात ४० गिगाबिट. एक चित्र देतो, एक नुसतं चार्जिंग, एक दोन्ही, आणि एक काय देतो ते त्यालाच ठाऊक. त्यात नावांची कथा वेगळीच. २००८ साली जे यूएसबी ३.० होतं ते पुढे ३.१ जेन वन झालं, मग ३.२ जेन वन. वेग तोच, पाच गिगाबिट. महापालिकेने रस्त्याचं नाव दोनदा बदलावं आणि खड्डे तेच राहावेत, तसं. भोकं एकसारखी झाली आणि कुठल्या भोकात कुठला देव बसलाय हे सांगणाऱ्याची कायमची सोय झाली.

त्यांना हे मान्य नाही. यूएसबीबद्दल वाकडा शब्द ऐकून घेत नाहीत. इंटेलमध्ये ज्यांनी हे काम पुढे नेलं ते अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, ही माहिती ते चहाच्या टपरीवर हमखास देतात आणि “म्हणजे गायकवाडांचंच पुण्य की,” असं म्हणून अख्खी यूएसबी मराठी खात्यावर जमा करून टाकतात.

यांचा खरा त्रास असा की यांचं बरोबर असतं. शेजारच्या टेबलावरचा पोरगा वायरलेस माऊस अडखळतो म्हणून सेल बदलून बदलून दमलेला असतो. हे जाता जाता सांगतात, “सेल नको बदलू बाळा, रिसीव्हर हबपासून लांब घे.” यूएसबी ३ च्या वायरीतून माऊसच्याच लहरींवर गोंगाट पसरतो; इंटेलने २०१२ मध्ये तसा कागदच काढलाय, आणि तो यांच्या मोबाइलमध्ये आहे. रिसीव्हर वीतभर एक्स्टेन्शनवर जातो, माऊस सरळ चालायला लागतो. पोराला पाया पडावंसं वाटतं आणि चीडही येते.

चीड येण्याचं दुसरं कारण म्हणजे सुखी माणूस यांना बघवत नाही. अकाउंट्समधल्या बाई फोर-के मॉनिटरवर एक्सेल उघडून आनंदात असतात. हे मागे येऊन उभे राहतात, माऊसचा बाण इकडून तिकडे फिरवून बघतात आणि कळवळतात, “अहो, तीस हर्ट्झवर चाललंय हे!” हब स्वस्तातला असला की चित्र सेकंदाला साठऐवजी तीसदाच बदलतं. बाईंना ते आजवर दिसलं नव्हतं. आता दिसतं. आता दुसरं काही दिसतच नाही.

घरी यांचं एक स्वप्न आहे. २०२० मध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा ते पडलं: एकच वायर. लॅपटॉप आणून ठेवायचा, एक वायर खुपसायची, की दोन मॉनिटर, कीबोर्ड, कॅमेरा, इंटरनेट, चार्जिंग, सगळं चालू. पाहुणे आले की ते बोट वर करून दाखवतात, “एकच!” टेबलामागे डोकावू नये. तिथे डॉकचा स्वतःचा, लॅपटॉपच्या दुप्पट वजनाचा अडॅप्टर, मॉनिटरच्या दोन, लॅनची एक आणि कशाचीच नसलेली एक अशा वायरींचा गुंता असतो. वहिनींचा झाडू तिथे रोज अडतो.

“अहो, एक वायर म्हणाला होतात ना?”

“लॅपटॉपला एक,” हे खालूनच उत्तर देतात.

पहिल्या हबला दोन एचडीएमआय होते. कंपनीचा मॅक दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवी, कारण एका वायरीतून दोन वेगळी चित्रं देण्याची त्या हबची रीत मॅकला चालत नाही. म्हणून मग डिस्प्लेलिंकचा डॉक आला, महागातला. दोन पडदे, दोन चित्रं. त्या रविवारी सगळं घर सिनेमाला बसवलं. गाणं ऐकू येत होतं, पडदा काळाकुट्ट. हा डॉक पडद्याचं जणू चित्रीकरण करून ते यूएसबीतून पुढे धाडतो आणि सिनेमाची कुलपं त्याला चोर समजतात, हे त्यांनी सासूबाईंना बऱ्यापैकी सोप्या भाषेत समजावलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “हो का. मग टीव्हीवर लावा.”

२०२१ मध्ये अ‍ॅपलने मॅकबुक प्रोला एचडीएमआय आणि कार्डाची खाच परत दिली, २०१६ मध्ये काढून घेतलेली. ऑफिसात आनंद झाला. हे दोन दिवस कमी बोलले.

परवा त्यांचा भाचा इंजिनिअरिंगला लागला म्हणून गेमिंगचा लॅपटॉप घेऊन आला. चांगला दोन-अडीच किलोचा. हे पिशवी उघडूनच बसले होते.

“मामा, याला काही लागत नाही. एचडीएमआय आहे, लॅन आहे, यूएसबी तर भरपूर.”

मामांनी लॅपटॉप हातात घेतला. डावी कड पाहिली, उजवी पाहिली. चेहरा उतरत गेला. मग त्यांनी तो फिरवून पाठीमागची कड बघितली आणि टॉर्च मागितला.

“अरे, चार्जिंगची पिन गोल आहे याची! गोल!” पिशवीत हात घालत ते म्हणाले. “म्हणजे एका वायरीत भागणार नाही. उद्या संध्याकाळी मोकळा आहेस ना? तापकीर गल्लीत वायरी बघून येऊ.”