पाय पाळण्यात, उंची कागदावर

मे महिना आला की अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांचे बास्केटबॉल कोच एका सुरात बोलू लागतात. ‘इतकी गुणी तुकडी आमच्या कॉलेजात आजवर आली नव्हती.’ मागच्या मे महिन्यातही हेच वाक्य होतं, पुढच्याही मे महिन्यात हेच असेल. कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएच्या डिव्हिजन थ्री या तिसऱ्या पायरीवर चारशेहून जास्त कॉलेजं आहेत. सगळ्यांची तुकडी दरसाल सर्वोत्तम. नोव्हेंबरात सामने सुरू होतात आणि दर सामन्यात दोघांपैकी एक सर्वोत्तम हरतो, तेव्हा कुठे कोचला आठवतं की मुलं अजून कोवळी आहेत, जरा वेळ द्या.

शाळा संपवून कॉलेजात येणाऱ्या खेळाडूंच्या वार्षिक भरतीला तिकडे रिक्रूटिंग क्लास म्हणतात; तीच ही तुकडी. मोठ्या कॉलेजांत तिची तुलना सोपी आहे. तिथे पोराला मिसरूड फुटायच्या आत कोणीतरी तारे चिकटवून ठेवलेले असतात. पाच तारे, चार तारे, देशात बारावा, राज्यात दुसरा. अंदाज चुकतात, पण निदान चुकायला आकडा तरी असतो. शिवाय जुलै 2025 पासून कॉलेजंच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, त्यामुळे कोण किती किमतीचा याचेही अंदाज बांधता येतात. छोट्या कॉलेजांत तारे नाहीत आणि खेळासाठी शिष्यवृत्तीही नाही. डिव्हिजन थ्रीचा नियमच तसा आहे. मग या कॉलेजची तुकडी त्या कॉलेजच्या तुकडीपेक्षा सरस, हे ठरवायचं कशावर? चाहत्यांपाशी एकच कसोटी उरते: आपला तो बाब्या.

या तुकड्यांच्या घोषणा वाचाव्यात. सहा फूट चार इंच, गार्ड, शाळेच्या संघाचा कर्णधार, स्वभाव मेहनती, कुटुंब चांगलं, अभ्यासात हुशार, मुख्य विषय अजून ठरलेला नाही. वधूवर सूचक मंडळाच्या वहीतलं स्थळ वाचतोय की काय असं वाटतं. उंचीचा मामला तर अगदी तसाच. खुद्द एनबीए या व्यावसायिक लीगनं 2019 मध्ये फर्मान काढलं की प्रत्येक संघानं खेळाडूची उंची बूट काढून, मोजून कळवावी. त्या हंगामात कोट्यधीश खेळाडू रातोरात इंचा-इंचानं खुजे झाले. जिथे जगभरचे कॅमेरे रोखलेले असतात तिथे ही गत, तर ज्या जिममध्ये तीनशे माणसं आणि एक पॉपकॉर्नवाला असतो, तिथल्या सहा फूट चार इंचांत बुटाचे किती आणि कोचच्या आशेचे किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

मग सही समारंभ. शाळेच्या ग्रंथालयात टेबल, टेबलावर कॉलेजची टोपी, मागे आईवडील, बाजूला शाळेचा कोच, समोर मोबाइल. मुलगा पेन उचलतो, सही करतो, टाळ्या पडतात. तो कागद कसला? डिव्हिजन थ्रीत त्याला अधिकृत नावच ‘आनंदाप्रीत्यर्थ सहीचा फॉर्म’ अशा धर्तीचं आहे. त्यानं ना कॉलेज बांधलं जातं, ना मुलगा. मोठ्या कॉलेजांतली मुलं खेळाच्या शिष्यवृत्तीच्या कागदावर सही करताना दिसतात, मग छोट्या कॉलेजांतल्या मुलांनी काय घोडं मारलंय, म्हणून ही सोय. फोटो तेवढा खरा येतो. त्या फोटोंवरून मे महिन्यात तुलना होते, ऑगस्टमध्ये त्यातला एखादा दुसऱ्याच कॉलेजच्या वसतिगृहात गादी घालत असतो.

आता तुकडीच्या आकाराकडे या, कारण खरी गंमत तिथे आहे. एका कॉलेजनं चार मुलं घेतली, शेजारच्यानं बारा. चाहते लगेच निकाल देतात की बारावाल्यानं मैदान मारलं. पण कॉलेजचा सामना 40 मिनिटांचा, मैदानात एका वेळी पाच जण. म्हणजे एका संघाला वाटायला एकूण 200 मिनिटं. त्यातली बहुतेक आठ-दहा जणांत संपतात. आधीच्या तीन वर्षांची मुलं बाकावर बसलेली असताना ही नवी बारा मुलं कुठल्या मिनिटांत खेळणार?

खेळणार नाहीत. फी भरणार.

अमेरिकेतल्या पुष्कळ छोट्या खासगी कॉलेजांची चूल फीवर पेटते. समजा, कॉलेजात हजार विद्यार्थी आहेत आणि सवलती वजा जाता एकेकाकडून वर्षाला 20,000 डॉलर हाती येतात. बारा मुलं म्हणजे 2,40,000 डॉलर. एवढ्यात कोचचा पगार, बसचं भाडं आणि चेंडू सुटून वर उरतात. म्हणून कित्येक कोचना वरून सांगितलेलं असतं की यंदा इतकी डोकी आणा. जिंकलात तर उत्तम, पण डोकी आणा. शिष्यवृत्ती खेळासाठी द्यायची नाही, पण गुणवत्तेसाठी, गरजेसाठी, नेतृत्वगुणांसाठी सवलत देता येते. कॉलेजची छापील फी पूर्ण भरणारा तसाही विरळाच. तेव्हा एका कॉलेजची बारांची तुकडी आणि दुसऱ्याची चारांची यांची तुलना करताना आपण कोचची नजर तोलतो आहोत असं समजू नये. तुलना दोन कॉलेजांच्या ताळेबंदांची असते.

हा ताळेबंद विनोदी नाही. अमेरिकेत 2007 नंतर जन्मदर घसरला. ती न जन्मलेली मुलं आता अठरा वर्षांची होणार नाहीत, म्हणजे फी भरणारी डोकी घटणार. फिलाडेल्फियाजवळच्या कॅब्रिनी विद्यापीठाचा संघ 2012 मध्ये डिव्हिजन थ्रीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता. 2024 मध्ये विद्यापीठ बंद झालं. शेवटच्या वर्षी तिथे आलेल्या नव्या मुलांना दुसऱ्या वर्षात जायला कॉलेजच उरलं नाही.

दुसऱ्या टोकाला श्रीमंत आणि बुद्धिमंत कॉलेजं. विल्यम्स, ॲमर्स्ट, शिकागो, एमआयटी. (पुण्यातली नव्हे, मॅसॅच्युसेट्सची.) होय, ज्या एमआयटीचं नाव घेताना आपल्याकडचे पालक देव्हाऱ्याकडे बघतात, ती बास्केटबॉलमध्ये डिव्हिजन थ्री आहे. तिच्याच लीगमध्ये स्प्रिंगफील्ड कॉलेज आहे, जिथे 1891 मध्ये डॉ. जेम्स नाइस्मिथ यांनी हा खेळच शोधून काढला. खेळाचं माहेर तिसऱ्या पायरीवर! कार्नेगी मेलन, एनवाययू, केस वेस्टर्न ही नावं सॅन होजे ते एडिसन दरम्यानच्या मराठी घरांत ‘एमएस कुठून केलंस?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून पाठ असतात. तिघांचेही संघ आहेत, एकाच लीगमध्ये आहेत, हे त्या घरांतल्या किती जणांना ठाऊक असेल? अशा कॉलेजांत कोच आपल्या पसंतीच्या मुलाची गुणपत्रिका आधी प्रवेश कार्यालयाकडे पाठवतो. तिथून होकार आला तरच बोलणी पुढे. उत्तम उडी मारणारा, पण गणितात गडबडलेला मुलगा तिथेच गळतो. म्हणजे या तुकडीतली निम्मी निवड अशा माणसानं केलेली असते, ज्यानं मुलाला खेळताना पाहिलेलंही नसतं.

कॅलटेकमध्ये तर त्याहून कडक. तिथल्या संघात एके काळी शाळेत पहिला नंबर काढलेली मुलं जास्त आणि शाळेच्या संघातून खेळलेली कमी होती. लीगमध्ये हा संघ 1985 पासून सलग 310 सामने हरला. 22 फेब्रुवारी 2011 रोजी ऑक्सिडेंटल कॉलेजविरुद्ध हंगामातला शेवटचा सामना होता. 45–45. घड्याळात 3.3 सेकंद शिल्लक. कॅलटेकच्या एका मुलाला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला आत, दुसरा बाहेर. 46–45. सव्वीस वर्षांची साडेसाती एका गुणानं सुटली. तो मुलगा संगणकशास्त्र शिकत होता आणि त्याचं शेवटचं वर्ष होतं. चार वर्षांपूर्वी तो आला तेव्हा त्याच्या तुकडीला कोणी किती तारे दिले असते? एकही नाही.

शेजारच्याच पोमोना-पिट्झरमध्ये 1979 साली एक नवा कोच आला. पहिल्या हंगामात दोन विजय, बावीस पराभव. लीगमध्ये सलग 99 सामने हरलेल्या कॅलटेकनंही त्याला हरवून दाखवलं. मुलं गोळा करता करता वर्षं गेली आणि 1986 मध्ये त्यानं लीग जिंकली. पुढे सॅन अँटोनियो स्पर्सला त्यानं पाच एनबीए विजेतेपदं मिळवून दिली. ग्रेग पोपोविच. त्याच्या पहिल्या तुकडीची शेजाऱ्यांच्या तुकडीशी तुलना करून ज्यांनी नाकं मुरडली असतील, त्यांची नावं इतिहासानं दयाबुद्धीनं लपवली आहेत.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे. 1983 मध्ये सेंट्रल आर्कान्सा या छोट्या कॉलेजात एक सडपातळ मुलगा आला, उंची सहा फूट एक इंच. सुरुवातीला संघाचा मॅनेजर म्हणून सामानसुमान सांभाळत होता. कॉलेज संपेतो सहा फूट आठ इंच झाला. 1987 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, पाचवा निवडला गेला. तो स्कॉटी पिपेन. डेरिक व्हाइट कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या डिव्हिजन टू कॉलेजात गेला, कारण मोठ्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. उंची त्याचीही नंतर वाढली. 2024 मध्ये बोस्टनकडून एनबीए विजेतेपद आणि पॅरिसचं ऑलिंपिक सुवर्ण, दोन्ही एकाच उन्हाळ्यात. सतराव्या वर्षी मोजलेल्या उंचीवर तुकड्यांची प्रतवारी लावणाऱ्यांनी या दोघांचे पाय कुठल्या पाळण्यात पाहायचे होते?

बरं, हेरलाच एखादा हिरा, तरी तो राहील याची हमी काय? डंकन रॉबिन्सन 2013 मध्ये विल्यम्सला आला. पहिल्याच हंगामात संघ अंतिम सामन्यात, हार फक्त दोन गुणांनी. कोच दुसरीकडे गेला, मुलगा मिशिगन विद्यापीठात गेला. 2021 मध्ये मायामी हीटनं त्याच्याशी पाच वर्षांचा 9 कोटी डॉलरचा करार केला. ड्राफ्टमध्ये न निवडल्या गेलेल्या खेळाडूला तोवर एवढी रक्कम कोणी दिली नव्हती. विल्यम्सच्या तुकडीची किंमत मात्र काय लावायची? एका वर्षाचं उत्पन्न, बाकी तीन वर्षं जमाखर्चात शून्य.

उलटंही घडतं. ग्रिनेल कॉलेजचा जॅक टेलर 20 नोव्हेंबर 2012 च्या रात्री एकट्यानं 138 गुण घेऊन बसला. 108 वेळा चेंडू टोपलीकडे फेकला, 52 वेळा आत. कॉलेज बास्केटबॉलचा विक्रम. पण टेलर ग्रिनेलच्या कुठल्याच नव्या तुकडीत नव्हता, तो विस्कॉन्सिनमधल्या दुसऱ्या कॉलेजातून बदली होऊन आला होता. ज्या कॉलेजनं त्याला आधी हेरलं, त्याच्या त्या वर्षीच्या तुकडीचे गुण आता वाढवायचे की कापायचे? आणि हे 2012 चं. आता ट्रान्सफर पोर्टल नावाचा, कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंचा बाजार भरतो. मेमधली तुकडी पुढच्या मेपर्यंत ओळखू आली तरी पुष्कळ.

म्हणून तुलना करूच नये का? जरूर करावी, फक्त तारीख बदलावी. फेब्रुवारीत घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना असतो. त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या मुलांना आईवडिलांसह मधोमध बोलावतात, फुलं देतात, टाळ्या वाजवतात. त्या दिवशी चार वर्षांपूर्वीची ती ‘इतिहासातली सर्वांत गुणी’ यादी खिशात घेऊन जा. आले होते दहा. किती उभे आहेत? त्यातले किती खरोखर खेळले? आणि किती जणांच्या हातात उन्हाळ्यात पदवी असेल? डिव्हिजन थ्रीत मुलाला खेळासाठी कॉलेज दमडी देत नाही. बाकावर बसूनही चार वर्षं टिकलेला मुलगा पहाटेचा सराव, रात्रीचा बसप्रवास आणि दुसऱ्या दिवशीची परीक्षा हे सगळं स्वतःच्या खुशीनं करत असतो. एवढी खुशी चार वर्षं टिकवणं हीच त्या कोचची खरी भरती.

दहांतले पाच उभे दिसले तर कोचला नमस्कार करा, तुकडी चांगली होती. दोनच दिसले तर प्रवेश कार्यालयाचं अभिनंदन करा, फी वेळेवर जमा झाली. आणि मे महिन्यात कोणी विचारलं की यंदा कुणाची तुकडी सरस, तर सरळ सांगा: चार वर्षांनी भेटा.