पुस्तकापेक्षा मालिका बरी होती, असे केव्हा म्हणावे

ज्या कादंबरीची गोष्ट आधी टीव्हीवर येऊन गेली आहे, तिच्यावर मत देणे सोपे, असे नवशिक्याला वाटते. गोष्ट माहीत, शेवट माहीत, पात्रांचे चेहरेही माहीत. आता 'आवडली' किंवा 'नाही आवडली' एवढेच बोलायचे. एकदा तसे बोलून पाहा. समोरचा जाणकार तुमच्याकडे दयेने बघेल आणि विचारेल, "पण मूळ भाग पाहिलेत का?" हा प्रश्न कसा परतवायचा, एवढाच या मार्गदर्शिकेचा अभ्यासक्रम आहे.

सरावाला 'डॉक्टर हू' घ्यावी. बीबीसीची ही विज्ञानकथा मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. नायक परग्रहावरचा, वाहन म्हणजे लंडनच्या रस्त्यांवर पोलिसांना फोन करण्यासाठी असायचे तसले निळे खोके, आणि ते काळात कुठेही जाते. नट थकला की डॉक्टर नवे शरीर धारण करतो आणि मालिका पुढे चालू राहते. मत देण्यासाठी एवढी माहिती पुरते. यापेक्षा जास्त असेल तर मते सौम्य होऊ लागतात. या मालिकेच्या कथांवर बेतलेल्या कादंबऱ्या दीडशेच्या वर आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकीवरून कुणी ना कुणी कुणाशी तरी बोलणे टाकलेले असावे, असा माझा अंदाज आहे.

पहिली पायरी. मूळ भाग न पाहिल्याचे कारण तयार ठेवा.

इथे नशीब तुमच्या बाजूने आहे, कारण बीबीसीने मूळ भागच पुसून टाकले. साठच्या दशकातली व्हिडिओटेप महाग असायची आणि पुन्हा वापरता यायची. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे भाग हवे तितक्या वेळा पुन्हा दाखवता येत नसत. घरी व्हीसीआर ही चीज तर कुणी स्वप्नातही पाहिली नव्हती. मग जुना डॉक्टर ठेवून करायचे काय? पुसा आणि वर फुटबॉलचा सामना घ्या, असा तो हिशेब. पुढे परदेशी वाहिन्यांना विकलेल्या फिल्मच्या प्रतींमधून काही भाग परत मिळाले, तरीही पहिल्या दोन डॉक्टरांच्या काळातले शंभराच्या आसपास भाग गेले ते गेलेच. ध्वनी मात्र सगळ्यांचा आहे. टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून, घरातल्यांना 'गप्प बसा' म्हणत टेप करणारी मुले तेव्हा इंग्लंडात होती. एका सरकारी छापाच्या संस्थेने हरवले ते त्या मुलांनी जपले.

तेव्हा प्रश्न आला की शांतपणे म्हणायचे, "कुणी पाहिलाय?" समोरचा सत्तरीचा असेल तर मात्र हे वाक्य वापरू नये. तो १९६५ साली सोफ्यामागे लपून पाहिल्याचे सांगेल, आणि त्याला उत्तर नाही.

दुसरी पायरी. बदल शोधा आणि दुखावले जा.

यासाठी पहिलीच कादंबरी उत्तम. मालिकेचे पहिले कथा-संपादक डेव्हिड व्हिटेकर यांनी १९६४ साली डालेक या यांत्रिक राक्षसांच्या कथेवर ती लिहिली. टीव्हीवर दोन शिक्षक आपल्या एका विचित्र विद्यार्थिनीचा पाठलाग करत भंगाराच्या आवारात जातात आणि तिथे त्यांना निळे खोके सापडते. व्हिटेकरने हे सगळे बाजूला सारले. त्याच्या पुस्तकात धुके आहे, बार्न्स कॉमनच्या मैदानाजवळ अपघात झाला आहे, मालिकेतले ते दोन शिक्षक, इयन आणि बार्बरा, तिथेच पहिल्यांदा भेटतात, आणि सगळी हकीकत इयन स्वतः 'मी' म्हणून सांगतो. मालिकेतली आदिमानवांची अख्खी कथा गाळली आहे. वर डालेकांचा एक प्रमुख काचेचा केला आहे, जो टीव्हीवरच्या या कथेत नव्हताच.

आता यावर दोन मते आहेत आणि नवशिक्याने दोन्ही अंगी बाणवावीत. पहिले: हा मूळ कथेशी द्रोह आहे. दुसरे: यापेक्षा चांगली सुरुवात मालिकेलाही जमली नाही. पहिले मत चढ्या आवाजात द्यायचे, दुसरे थोड्या वेळाने, चहा आल्यावर. माझे स्वतःचे दुसरे आहे. अनोळखी गाडीचे दिवे, धुके, रस्त्यावर जखमी मुलगी. यात भंगारवाल्याचे दार ढकलण्यापेक्षा कितीतरी जास्त भीती आहे.

तिसरी पायरी. टेरन्स डिक्सविषयी काय बोलावे.

१९७३ साली टार्गेट या प्रकाशनाने जुन्या तीन कादंबऱ्या स्वस्त पेपरबॅकमध्ये पुन्हा काढल्या, त्या धडाधड खपल्या आणि मग नव्या हव्या झाल्या. लिहिणार कोण? मालिकेचे संपादक राहिलेले टेरन्स डिक्स समोरच होते. त्यांनी साठाहून अधिक लिहिल्या. बहुतेक सव्वाशे पानांच्या आसपास, शाळकरी मुलगा शनिवारी दुपारी बसला की रात्री जेवणापर्यंत संपवील अशा.

डिक्स यांच्यावर ठरलेले आक्षेप आहेत. पटकथा घेतली, संवादांमागे 'तो म्हणाला' लावले, झाली कादंबरी. निळे खोके दर वेळी तसाच आवाज करत उतरते, डॉक्टरच्या चेहऱ्याचे वर्णन पुस्तकागणिक तेच, नुसते जुळवून बसवलेले. हे आक्षेप खरे आहेत, विशेषतः सत्तरच्या दशकाच्या शेवटच्या पुस्तकांबाबत, जेव्हा त्यांच्यामागे एकामागून एक मुदती लागल्या होत्या. तरीही ते बोलू नका. या मालिकेची पहिली व्हिडिओ कॅसेट बाजारात आली १९८३ साली. तोवर दोन वर्षांपूर्वीचा भाग पुन्हा 'बघायचा' तर इंग्रज मुलापुढे एकच मार्ग होता: वाचनालयातून डिक्स आणायचा. त्या मुलाला शैली नको होती, जे घडले ते घडले त्या क्रमाने हवे होते, आणि ते देणारा माणूस हा होता. डिक्स २०१९ साली गेले तेव्हा इंग्लंडातल्या कितीतरी मोठ्या लेखकांनी सांगितले की आम्हाला वाचायला यांनी शिकवले. अशा माणसाला नावे ठेवणे म्हणजे बाराखडीवर टीका करण्यासारखे आहे.

('द ऑटन इन्व्हेजन', १९७४. त्यांच्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक. यात घाई नाही. ज्याला आक्षेप घ्यायचेच आहेत त्याने आधी हे वाचावे.)

चौथी पायरी. पैशांचा विषय काढा.

कुठल्याही वादात हा हुकमी पत्ता आहे. बीबीसीकडे पैसे नसत, कागदावर मात्र खर्च होत नाही. १९७५ सालची 'द आर्क इन स्पेस' घ्या. अंतराळस्थानकाचा प्रमुख हळूहळू किडा होत जातो अशी भयंकर कल्पना. पडद्यावर त्याचा हात बदललेला दिसतो तो हिरव्या रंगाने रंगवलेल्या बबल रॅपने, म्हणजे आपण काचेचे सामान गुंडाळतो त्या फुगेवाल्या प्लास्टिकने. दोन वर्षांनी कादंबरी आली. लेखक इयन मार्टर, आणि गंमत अशी की हा माणूस त्याच कथेत हॅरी सलिव्हन हे पात्र रंगवणारा नट. तो हात त्याने सेटवर जवळून पाहिला असणार. कागदावर त्याने त्या हाताचे जे केले ते वाचून मुलांनी रात्री दिवा चालू ठेवला. मार्टरची पुस्तके मुलांसाठी जरा जास्तच रक्ताळ आहेत अशी तक्रार तेव्हाही होती. ती तक्रार करणाऱ्याने बबल रॅप पुन्हा पाहावे.

माल्कम हल्क यांचे 'द केव्ह मॉन्स्टर्स' (१९७४) याहून एक पाऊल पुढे जाते. टीव्हीवर जमिनीखालचे सरपटणारे प्राणी म्हणजे रबरी मुखवटे घातलेली माणसे. हल्क आपली कादंबरी त्या प्राण्यांच्या बाजूने सुरू करतात. त्यांना नावे देतात. पृथ्वी आधी त्यांची होती, माणूस नंतरचा घुसखोर, हे वाचकाला पहिल्या पानापासून पटू लागते. हल्क एके काळी कम्युनिस्ट पक्षात होते, हे कळल्यावर त्या सुरुवातीकडे आणखी वेगळ्या नजरेने बघता येते. 'राक्षस चांगला दिसला नाही' हे मालिकेवरचे मत या पुस्तकानंतर कुचकामी ठरते, कारण तो आता राक्षसच राहिलेला नाही.

पाचवी पायरी 'स्टार ट्रेक'ची, ती ऐच्छिक आहे. दूरदर्शनवर रविवारी सकाळी कर्क आणि स्पॉक पाहिलेले मराठी वाचक मला ठाऊक आहेत. त्यांनी ही करावी. जेम्स ब्लिश या मान्यवर विज्ञानकथाकाराने १९६७ पासून त्या भागांच्या कथा लिहिल्या, त्याही बऱ्याचदा भाग न पाहता, हाती आलेल्या पटकथेवरून. पटकथेचा तो खर्डा नेहमी शेवटचा असेच असे नाही. त्यामुळे पुस्तकात एक घडते आणि पडद्यावर दुसरे. "पुस्तकात तर असं नाहीये," असे म्हणत भावाशी भांडला असाल तर तुम्ही दोघेही बरोबर होता.

सहावी पायरी अवघड आहे. लेखकाने मुद्दाम वेगळे लिहिले तर?

जॉन लुकारोटी यांनी १५७२ सालच्या पॅरिसमधल्या सेंट बार्थोलोम्यूच्या कत्तलीवर मालिकेसाठी कथा लिहिली. संपादकांनी ती इतकी बदलली की १९६६ साली जे प्रसारित झाले ते त्यांचे फारसे उरलेच नव्हते. एकवीस वर्षे त्यांनी वाट पाहिली आणि १९८७च्या कादंबरीत आपली मूळची कथा परत घातली. टीव्हीवर बहुतांश गायब असलेल्या डॉक्टरला भरपूर काम दिले. मालिकेचे चारही भाग नष्ट झालेले. मग खरी कथा कुठली? पुसलेली, की नंतर लिहिलेली? या प्रश्नावर जाणकारही जरा वेळ गप्प होतात, ती संधी साधून आपण निघावे. डोनाल्ड कॉटन यांनी ट्रॉयच्या युद्धाची कथा थेट होमरच्या तोंडी घातली, त्यावर मत देण्याइतके धैर्य पहिल्या वर्षी येत नाही.

२०१८ साली टार्गेटचे नाव पुन्हा आले. रसेल टी. डेव्हिस आणि स्टीव्हन मॉफट यांनी आपल्याच भागांच्या कादंबऱ्या लिहिल्या. मूळ भाग आता कुणालाही केव्हाही बघता येतात, म्हणून पुस्तकाला नुसते सांगून भागत नाही. मॉफट यांनी प्रकरणांचे आकडेच उलटसुलट केले. हुशारी मान्य, पण मला डिक्सची सरळ सव्वाशे पाने आठवत राहतात.

शेवटची पायरी म्हणजे हरवलेला भाग सापडला तर काय करायचे. असे होते. १९६७ सालची 'द टूम ऑफ द सायबरमेन' १९७८च्या कादंबरीवरून वाचकांच्या मनात थोर झाली होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती हाँगकाँगमध्ये सापडली, १९९२ साली कॅसेटवर आली, आणि हवेत उचललेल्या माणसाच्या मागची तार स्पष्ट दिसली. काहींनी कादंबरी पुन्हा काढून वाचली. उलट 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड'चा सहांपैकी एकच भाग शिल्लक होता, तोही बराचसा स्वयंपाकघरातला, कुरकुऱ्या आचाऱ्यासह. त्यावरून सगळ्यांनी ठरवून टाकले की कथा सामान्य. मार्टरची १९८१ची कादंबरी वाचूनही कुणाचे मत फारसे हलले नाही. २०१३ साली नायजेरियातल्या जोस शहरात उरलेले भाग मिळाले, आणि डॉक्टर व खलनायक या दोन्ही भूमिका एकट्याने करणारा पॅट्रिक ट्राउटन पाहून ती एका आठवड्यात उत्कृष्ट झाली.

म्हणून दोन वाक्ये आधीच पाठ असू द्या. "पुस्तकच बरे होते" आणि "पुस्तकात हे आलेच नव्हते." नवा डबा उघडला की पहिली दहा मिनिटे तोंड बंद ठेवून बघा, तार दिसते का ते पाहा, आणि त्यानुसार एक निवडा.