जाम आहे, गेलेलं नाही

आमच्या सोसायटीत जिन्याखालच्या कोपऱ्यात एक फियाट उभी आहे. आरसी बुकावर प्रीमियर पद्मिनी असं लिहिलंय, पण पुण्यात तिला त्या नावाने हाक मारलेली मी तरी ऐकलेली नाही. मॉडेल १९८६, बांधणी कुर्ल्याची, इंजिन १०८९ सीसी आणि मालक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका. यातलं इंजिन सोडून बाकी सगळं हलतं.

असे काका तुमच्याही सोसायटीत असतील. गाडी नसेल तर बंद पडलेला रेडिओ असेल, नाहीतर विहिरीवरची मोटर. 'विकून टाका ना' असं त्यांना एकदाच म्हणून बघा. तुमच्या वडिलांना वृद्धाश्रमात टाका म्हटल्यासारखे ते तुमच्याकडे बघतील.

इंजिन जाम झालं त्याला नऊ वर्षं झाली. साताऱ्याच्या लग्नाला जाताना खंबाटकी घाटात रेडिएटरचा होज फुटला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. काकांना ती घाटातलं धुकं वाटली. मे महिन्यात. 'काहीतरी करपतंय हो,' असं काकूंनी दोनदा सांगितल्यावर काकांनी त्यांना काच वर करायला लावली. माथ्यावर गाडी थांबली ती आजतागायत.

"पिस्टन ॲल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा," काका समजावून सांगतात. "तापलं की पिस्टन जास्त फुगतो आणि अडकून बसतो. गार झाला की पुष्कळदा आपोआप सुटतो."

"मग नऊ वर्षांत गार झाला नाही का?" असं तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने विचारलं होतं. तेव्हापासून काका त्याच्याशी बोलत नाहीत. वास्तविक उत्तर सोपं होतं. उभ्या गाडीच्या पिस्टनवरच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटतात. आधी ताप आला, मग संधिवात.

गंमत म्हणजे दुसऱ्याच्या इंजिनाबद्दल हाच माणूस सिव्हिल सर्जनसारखा निर्विकार असतो. २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याला पूर आला आणि माझ्या मेव्हण्याची गाडी काचांपर्यंत बुडाली. सकाळी काका माझ्याबरोबर आले, गेटमधूनच ओरडले, "चावी लावू नका!" पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये ते असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मेव्हण्याने रात्रीच चार वेळा चावी मारलेली होती. काकांनी प्लग काढले, भोकातून कारंजं उडालं. डिपस्टिक काढली, ऑइल दुधाळ चहासारखं झालेलं. "हे इंजिन गेलं. विमा कंपनीला कळवा आणि मोकळे व्हा." दोन मिनिटांत निकाल, आणि निकाल अचूक.

स्वतःच्या गाडीचा निकाल मात्र तारखांवर तारखा घेत पुढे सरकतो. गेल्या वर्षी काकूंनी निर्वाणीचं सांगितलं तेव्हा कुठे नाना पेठेतून एक उस्ताद आला. त्याने शिस्तीत काम केलं. गिअर न्यूट्रलला आणला. बेल्ट काढला, कारण जाम डायनामो किंवा पाण्याचा पंपही असू शकतो, उगाच इंजिनावर आळ नको. चारी प्लग काढून आत डिझेल आणि ऑइल सोडलं आणि आठ दिवस मुरू द्या म्हणाला. मग काका रोज सकाळी पूजा आटोपून खाली यायचे आणि चारी भोकांत पळीपळीने तेल घालायचे. पळी देवघरातली नव्हती, असं ते म्हणतात. काकूंचं मत वेगळं आहे.

पुढच्या रविवारी पुलीच्या नटावर पाना चढला, पान्याला लांब पाइप. सगळी सोसायटी खाली जमली. "हिसका नाय द्यायचा काका, रिंगा तुटतील. थोडं पुढं, थोडं मागं." अर्ध्या तासाने पाना हलला. टाळ्या पडल्या, काकांनी चष्मा पुसला, कुणीतरी पेढ्यांचं नाव काढलं. उस्तादने वाकून बघितलं. पुली जागेवर होती, मागे घेताना नट सुटला होता.

मग त्याने ऑइल काढलं. दोन थेंब बोटांत चोळून उन्हात धरले. त्यात जुन्या शालूच्या जरीसारखी चमक होती.

"बेरिंग गेलंय. हेड उघडू या. सिलिंडरला ओरखडे असले तर बोअर, ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग. हेड वाकलं असलं तर तेपण घासावं लागंल. नायतर जुनं हाफ इंजिन बघतो, त्यात सस्तात होईल."

"हाफ इंजिन म्हणजे नंबर दुसरा. आरटीओला काय सांगू? आणि तिला काय सांगू?"

'ती' म्हणजे काकू असावी असं उस्तादला वाटलं.

"मग हेड तरी उघडू?"

"आज नको. आज अमावस्या आहे."

अमावस्या होऊन चौदा महिने झाले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निघाली तेव्हा मी काकांना भेटायला गेलो होतो, जवळजवळ सांत्वनालाच. ते शांत होते. "त्या वीस वर्षांच्या नियमाने गेल्या. इंजिनाने नाही," म्हणाले. हे खरंच आहे.

परवा ते जुन्या बाजारातून एक हेड गॅस्केट घेऊन आले. वर्तमानपत्रात गुंडाळून ते खिळ्याला टांगलंय, शेजारी ऑइल फिल्टर, शेजारी नवा होज. आता फक्त पिस्टनचा सेट राहिला आहे. तुमच्या माहितीत कुणाकडे पद्मिनीचा नवा सेट पडून असेल तर जरूर कळवा, काका स्वतः येऊन बघतील. किती ओव्हरसाइजचा पाहिजे ते मात्र त्यांना विचारू नका. त्यासाठी हेड उघडावं लागतं.